शरीरांतील पहारेकरी आणि एली मेचनिकॉफ

पायांत कांटा रुतला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांपैकीं लहानांत लहान विद्यार्थ्यालाहि ठाऊक आहे. कांटा वेळीं काढला नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, हात लावला तर गरम लागते, आणि पुढें तेथें पू धरतो. आई पोटीस बांधते, आजी हळदीचा लेप लावते, आणि चार दिवसांनीं कांटा पुवाबरोबर बाहेर पडून पाय बरा होतो. ही गोष्ट इतकी नेहमींची आहे कीं, तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल, असें आपणांस वाटत नाहीं. परंतु ह्याच कांट्याकडे एका मनुष्यानें निराळ्या दृष्टीनें पाहिलें, आणि मनुष्याचें शरीर रोगाशीं कसें झगडतें ह्या विषयींच्या एका नव्या शास्त्राचा पाया त्यांतून घातला गेला. त्या मनुष्याचें नांव एली मेचनिकॉफ.

त्यांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहों, ह्यास एक कारण आहे. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत कोव्हिडच्या सांथीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, आणि किती तरी घरांतून रुग्णाच्या रक्ततपासणीचा कागद हातोहात फिरला. त्या कागदावर न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट अशीं दोन अनोळखी नांवें असत. पहिल्यापुढील आंकडा चढलेला व दुसऱ्यापुढील उतरलेला दिसला कीं, डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडे आणि घरच्या माणसांच्या छातींत धस्स होई. ते आंकडे काय सांगत होते, हें नीट समजून घ्यावयाचें असेल, तर सुमारें एकशें चाळीस वर्षें मागें, सिसिली बेटाच्या समुद्रकांठीं जावें लागतें. पण त्यापूर्वीं हा मनुष्य तेथवर कसा पोहोंचला, तें पाहूं.

मेचनिकॉफ ह्यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यांत रशियन साम्राज्यांतील खारकॉफ शहराजवळच्या एका खेड्यांत झाला. तो प्रदेश आज युक्रेन देशांत मोडतो. वडील झारच्या रक्षकदळांत अधिकारी होते; आई ज्यू कुळांतली. पांच भावंडांत एली सर्वांत धाकटा. हा मुलगा एका जागीं स्वस्थ बसत नसे, म्हणून घरांत त्याला पाऱ्याची उपमा देत. परंतु फूल, पान किंवा किडा दिसला कीं, हाच मुलगा तासन्‌तास स्तब्ध राही. वडील भावास शिकविण्यासाठीं ठेवलेल्या एका तरुणानें त्याला वनस्पतींची गोडी लाविली, आणि आठव्या वर्षींच हे चिमुकले पंडित भावंडांना व इतर मुलांना झाडापाल्यावर व्याख्यानें देऊं लागले. श्रोते उठून जाऊं नयेत म्हणून आपल्या खाऊच्या पैशांतून ते त्यांना कांहीं नाणीं देत, अशी आठवण सांगतात. व्याख्यान ऐकण्याबद्दल विद्यार्थ्यांनाच पैसे देणारा असा शिक्षक आम्हीं तरी दुसरा पाहिलेला नाहीं!

खारकॉफच्या विश्वविद्यालयांतील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनीं दोन वर्षांतच पुरा केला. त्यानंतर जर्मनी व इटली ह्या देशांत राहून त्यांनीं समुद्रांतील व जमिनींतील अगदीं हलक्या प्रतीच्या प्राण्यांचा अभ्यास आरंभिला. १८६५ सालीं जर्मनींतील गीसेन गांवीं एका चपट्या कृमीची तपासणी करीत असतां त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ह्या कृमीच्या शरीरांत अन्न पोटाच्या पोकळींत पचत नाहीं. पेशी अन्नाचा कण आपल्या अंगांत ओढून घेते व तेथेंच जिरविते. ही लहानशी गोष्ट त्यांनीं मनांत टिपून ठेविली. तिचा खरा अर्थ उमगण्यास पुढें सतरा वर्षें जावीं लागलीं. १८६७ सालीं ते ओडेसाच्या विश्वविद्यालयांत अध्यापक झाले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बावीस होतें. कांहीं काळ सेंट पीटर्सबर्ग येथें काढून १८७० सालीं ते ओडेसासच प्राणिशास्त्राचे मुख्य अध्यापक म्हणून परत आले.

येथवरची हकीकत वाचून कोणास वाटेल कीं, ह्या मनुष्याला सारें कांहीं सहज मिळत गेलें. वस्तुस्थिति तशी नव्हती. १८६९ सालीं त्यांनीं लुद्‌मिला नांवाच्या तरुणीशीं विवाह केला. तिला क्षयाची भावना होती. विवाहाच्या दिवशीं ती इतकी अशक्त होती कीं, तिला खुर्चींत बसवून देवळांत न्यावें लागलें. तिला बरें वाटावें म्हणून मेचनिकॉफ ह्यांनीं उबदार हवेचीं ठिकाणें धुंडाळलीं आणि औषधोपचाराच्या खर्चासाठीं रात्रंदिवस लिखाण केलें. सूक्ष्मदर्शक यंत्रावर वांकून वांकून त्यांचे डोळे अधू झाले. एवढें करूनहि १८७३ च्या एप्रिलमध्यें मदैरा बेटावर तिचें देहावसान झालें.

पत्नी गेली, दृष्टि मंद झाली, पैसा संपला. अठ्ठावीस वर्षांच्या त्या बुद्धिमान मनुष्याला जगणें नकोसें झालें आणि त्यानें आपल्या हातानें जीवनाचा शेवट करण्याचा प्रयत्न केला. सुदैवानें तो फसला. त्यानंतर थोड्याच वेळानें जिनीव्हा शहरांत ऱ्होन नदीच्या पुलावर, एका कंदिलाभोवतीं घिरट्या घालणारे पंखांचे किडे त्यांच्या दृष्टीस पडले. हे किडे कांहीं तासच जगतात. मग जीवनकलहांत टिकून राहण्याचा नियम ह्यांना कसा लागू पडतो, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. प्रश्न उभा राहिला आणि त्याबरोबर त्याचें उत्तर शोधण्याची इच्छाहि जागी झाली. ज्याला क्षणापूर्वीं स्वतःचें जीवन कवडीमोल वाटत होतें, त्याला एका किड्याच्या जीवनानें परत बोलाविलें.

१८७५ सालीं त्यांचा दुसरा विवाह ओल्गा ह्या विद्यार्थिनीशीं झाला. ही बाई पुढें त्यांची सहकारी व चरित्रलेखिका झाली. परंतु संकटें संपलीं नव्हतीं. १८८० सालीं ओल्गाला विषमज्वरानें गांठलें. ती वांचेल अशी आशा राहिली नाहीं. इकडे विश्वविद्यालयांत राजकारणाचा धुमाकूळ माजला होता, आणि मेचनिकॉफ ह्यांच्या हृदयाची प्रकृतिहि बिघडली होती. पुन्हां निराशेनें त्यांना घेरलें. पुन्हां पुन्हां उलटून येणारा एक ताप रक्तावाटें पसरतो कीं काय, हें पाहण्याच्या निमित्तानें त्यांनीं त्या रोगाच्या रुग्णाचें रक्त स्वतःच्या अंगांत घालून घेतलें. ते अत्यवस्थ झाले. पण ह्या खेपेसहि वांचले, आणि ओल्गाहि वांचली. दुखण्यांतून उठल्यावर त्यांची दृष्टि सुधारली होती, आणि जीवनाविषयीं अशी ओढ त्यांच्या ठिकाणीं उत्पन्न झाली कीं, ती शेवटपर्यंत कमी झाली नाहीं.

१८८१ सालीं झार दुसरा अलेक्झांडर ह्याचा खून झाला. त्यानंतर रशियांतील विश्वविद्यालयांवरील दडपण वाढलें. १८८२ सालीं मेचनिकॉफ ह्यांनीं राजीनामा दिला आणि ओल्गा व तिचीं पोरकीं धाकटीं भावंडें ह्यांना घेऊन ते सिसिली बेटावरील मेसिना गांवीं समुद्रकांठीं जाऊन राहिले. घराच्या दिवाणखान्यांतच त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र मांडलें. कोळ्यांनीं समुद्रांतून आणलेले प्राणी तपासावे, हाच त्यांचा दिनक्रम.

त्या हिवाळ्यांतील एके दिवशीं घरचीं सारीं माणसें सर्कशींतील माकडांचे खेळ पाहण्यास गेलीं होतीं. मेचनिकॉफ एकटेच घरीं राहिले. त्यांच्या यंत्राखालीं तारामाशाचें लहान पिलूं होतें. हें पिलूं कांचेसारखें पारदर्शक असतें. त्याच्या शरीरांत काय चाललें आहे, तें बाहेरून स्वच्छ दिसतें. आंत कांहीं पेशी इकडून तिकडे हिंडत होत्या. त्यांच्याकडे पाहतां पाहतां त्यांच्या मनांत विजेसारखी एक कल्पना चमकली. गीसेनच्या कृमींत पेशी अन्नाचा कण गिळीत असे. तसेंच ह्या हिंडत्या पेशी शरीरांत शिरणाऱ्या शत्रूला गिळीत असतील काय? तसें असेल, तर आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी हें शरीराचें सैन्यच म्हटलें पाहिजे! ते उठून येरझारा घालूं लागले. घरांत राहवेना म्हणून समुद्रकांठीं गेले.

कल्पना सुचणें ही एक गोष्ट आणि ती खरी करून दाखविणें ही दुसरी. तारामाशाच्या पिलाला रक्तवाहिन्या नसतात. तेव्हां त्याच्या अंगांत कांटा खुपसला असतां हिंडत्या पेशी त्याच्याभोवतीं जमल्या, तर त्या स्वतः होऊन धांवून आल्या असेंच म्हणावें लागेल. घराला लागून एक लहानशी बाग होती. नुकताच नाताळ झाला होता आणि त्या बागेंतील संत्र्याचें एक लहान झाड मुलांसाठीं शृंगारण्यांत आलें होतें. त्याच बागेंतून त्यांनीं गुलाबाचे कांहीं कांटे आणले, ते पिलांच्या नाजूक कातडीखालीं हलकेच सारले, आणि रात्र तळमळत काढली. पहांटे उठून पाहतात तों प्रत्येक कांट्याभोवतीं हिंडत्या पेशींचा गराडा पडलेला! प्रयोगाला लागलें काय? बागेंतला कांटा, समुद्रांतला जीव, एक सूक्ष्मदर्शक यंत्र, आणि सतरा वर्षें मनांत जपलेली एक लहानशी नोंद.

ह्या शोधाचें महत्त्व कळण्यासाठीं त्या काळचें मत काय होतें, तें पाहिलें पाहिजे. सूज हा शरीराला झालेला अपाय आहे, असें वैद्य समजत. रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत रोगजंतु दिसले, तर जंतु त्या पेशींत घर करून सर्व शरीरभर पसरतात, असा अर्थ करीत. मेचनिकॉफ ह्यांचें म्हणणें ह्याच्या अगदीं उलट होतें. पेशी जंतूला वाहून नेत नाहीं, खाऊन टाकते; सूज ही शरीराच्या बचावाची खूण आहे. प्रख्यात जर्मन वैद्य विरशो हे १८८३ सालीं मेसिना येथें आले असतां त्यांनीं हा प्रयोग पाहिला, मेचनिकॉफ ह्यांना उत्तेजन दिलें, आणि प्रचलित मत विरुद्ध असल्यामुळें जपून पावलें टाकण्यास सांगितलें. व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस ह्यांनीं ह्या पेशींसाठीं ग्रीक भाषेंतून फॅगोसाइट हा शब्द सुचविला. आपण त्यास भक्षक पेशी म्हणूं.

तारामाशांतला कांटा म्हणजे कांहीं रोग नव्हे, हें मेचनिकॉफ जाणून होते. म्हणून त्यांनीं तळ्यांतील डॅफ्निया नांवाचा पिसवेएवढा पारदर्शक प्राणी घेतला. त्याला किण्वासारख्या एका बुरशीचा रोग होतो. तिचीं बीजें सुईसारखीं अणकुचीदार असतात. तीं अन्नाबरोबर पोटांत जातात आणि आंतडें भेदून शरीराच्या पोकळींत शिरतात. शिरल्याबरोबर भक्षक पेशी त्यांना वेढतात. पेशींनीं बीजांचा फडशा पाडला, तर डॅफ्निया जगतो. एखादें बीज त्यांच्या तावडींतून निसटून वाढीस लागलें, तर तो मरतो. जय कोणाचा व पराजय कोणाचा, हें डोळ्यांनीं पाहतां येत होतें. ही हकीकत १८८४ सालीं विरशो ह्यांच्याच मासिकांत प्रसिद्ध झाली.

१८८६ सालीं ओडेसा येथें रोगजंतुशास्त्राचें एक केंद्र निघालें आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. परंतु ते वैद्य नव्हते, म्हणून गांवचे वैद्य त्यांच्याविरुद्ध होते. मेंढ्यांना टोंचलेल्या एका लशीचा परिणाम विपरीत होऊन पुष्कळ मेंढ्या दगावल्या, तेव्हां ओरड फारच वाढली. अखेर १८८८ सालीं ते पॅरिसला गेले. पाश्चर ह्यांनीं आपल्या नव्या संस्थेंत त्यांना प्रयोगशाळा दिली. तेथें त्यांनीं वेतन न घेतां अठ्ठावीस वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, काम केलें.

ओडेसा येथें त्यांच्या हाताखालीं शिकलेला एक ज्यू तरुण पुढें आपल्याकडे आला, हें आमच्या वाचकांस मुद्दाम सांगितलें पाहिजे. त्याचें नांव वाल्डेमार हाफकिन. तोहि पॅरिसच्या त्याच संस्थेंत, आरंभीं ग्रंथालयांतील नोकरीवर, राहिला होता. १८९३ सालीं तो पटकीची लस घेऊन हिंदुस्थानांत आला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें कहर केला, तेव्हां ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यानें प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नांवानें चालते. मेचनिकॉफ स्वतः हिंदुस्थानांत कधीं आले नाहींत. त्यांच्या विद्यार्थ्याचें काम मात्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या दंडापर्यंत पोहोंचलें.

पॅरिसमध्यें मेचनिकॉफ ह्यांना स्वास्थ्य लाभलें, पण वाद चुकले नाहींत. १८९० सालीं बेरिंग व किटासाटो ह्यांनीं दाखविलें कीं, धनुर्वात व घटसर्प ह्यांच्या विषाला मारणारें द्रव्य रक्ताच्या पातळ अंशांत असतें. त्याला पेशींची जरूर नसते. जर्मन शास्त्रज्ञ म्हणूं लागले कीं, खरें संरक्षण रक्तद्रवांत आहे. पेशी मागाहून येऊन मेलेले जंतु झाडून नेतात, इतकेंच. दोन्ही बाजूंनीं प्रयोगांवर प्रयोग झाले. गंमत अशी कीं, रक्तद्रवाच्या बाजूचा एक बळकट पुरावा मेचनिकॉफ ह्यांच्याच प्रयोगशाळेंत, ज्यूल बोर्डे ह्या तरुण सहकाऱ्याच्या हातून, पुढें आला. बोर्डे ह्यास पुढें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या मताला धक्का देणारें काम आपल्याच छपराखालीं होऊं देणें हें सोपें नसतें, हें जे कोणी शिक्षक आहेत, ते जाणतीलच.

१९०३ सालीं लंडन येथें राइट व डग्लस ह्यांनीं ह्या वादाची गांठ पुष्कळशी सोडविली. रक्तद्रवांतील कांहीं द्रव्यें जंतूला चिकटतात व त्यामुळें भक्षक पेशींना तो गिळणें सोपें जातें, असें त्यांना आढळलें. म्हणजे पेशीहि खऱ्या आणि रक्तद्रवहि खरा. दोन्ही एकमेकांना हात देतात. १९०८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तद्रवपक्षाचे अग्रणी पॉल एर्लिक ह्या दोघांना विभागून देण्यांत आलें. ज्यांनीं वीस वर्षें एकमेकांचीं मतें खोडण्यांत घालविलीं, त्यांचीं नांवें एका ओळींत लिहिलीं गेलीं.

उतारवयांत मेचनिकॉफ ह्यांचें लक्ष वार्धक्याकडे वळलें. मोठ्या आंतड्यांतील कुजणाऱ्या पदार्थांच्या विषानें माणूस लवकर म्हातारा होतो, आणि आंबविलेल्या दुधानें त्यास आळा बसतो, असें त्यांचें मत झालें. ते स्वतः नेमानें तसलें दूध घेत. ज्या घरीं रोज दहीं लागतें, तेथें ह्याचें फारसें नवल वाटणार नाहीं. परंतु दह्यानें वार्धक्य टळतें, ही त्यांची आशा मात्र खरी ठरली नाहीं. ह्याच काळांत त्यांनीं आणखी एक गोष्ट सुचविली. म्हातारपणीं मोठ्या भक्षक पेशी शरीराच्याच उपयुक्त पेशींवर उलटतात, असें त्यांना वाटे. त्यांच्या त्या विवेचनाचा तपशील आज कोणी मानीत नाहीं. पण पहारेकरीच प्रसंगीं घराची नासधूस करूं शकतो, हा विचार पहारेकऱ्याचा शोध लावणाऱ्याच्याच मनांत आला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. प्रयोगशाळेंतील तरुण रणांगणावर गेले आणि संस्था ओस पडली. मेचनिकॉफ ह्यांचें हृदय थकत चाललें होतें. १९१६ च्या जुलै महिन्यांत, एकाहत्तराव्या वर्षीं, ते पॅरिस येथें निवर्तले. त्यांची रक्षा त्यांच्या इच्छेप्रमाणें पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयांत ठेविली आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, १९१८ सालीं, इन्फ्लुएंझाची सांथ जगभर पसरली. मुंबईंत ती जून महिन्यांत आली, आणि हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिला बळी पडलीं. त्या रुग्णांच्या रक्तांत पांढऱ्या पेशी पुष्कळदां नेहमींपेक्षां कमी आढळतात, हें तेव्हांच्या डॉक्टरांच्या नजरेस आलें होतें. परंतु त्याचा अर्थ त्यांना लावतां आला नाहीं. तो रोग विषाणूचा आहे, हेंच मुळीं १९३३ सालीं सिद्ध झालें. १९१८ सालीं जें कोडें राहिलें, त्याचा बराचसा उलगडा शंभर वर्षांनीं कोव्हिडच्या सांथींत झाला.

आतां आपण त्या रक्ततपासणीच्या कागदाकडे वळूं. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. मेचनिकॉफ ज्यांना लहान भक्षक म्हणत, त्या ह्याच. मोठे भक्षक फुप्फुसांत व इतर अवयवांत ठाण मांडून बसलेले असतात. शेंकडा वीस ते चाळीस पेशी लिम्फोसाइट असतात. त्यांचें काम वेगळें आहे. विषाणु हा उघड्यावर राहणारा शत्रु नव्हे. तो शरीराच्याच पेशींत लपून वाढतो. कांहीं लिम्फोसाइट अशा बाधित पेशी हुडकून मारतात. कांहीं विषाणूला चिकटणारीं द्रव्यें तयार करितात. म्हणजे मेचनिकॉफ व एर्लिक ह्यांचे दोन्ही पक्ष आपल्या रक्तांत नांदत आहेत.

साध्या दुखण्यांत हीं दोन्ही पथकें मापानें काम करितात आणि आठ-दहा दिवसांत माणूस उठून बसतो. दुखणें विकोपास गेलें, म्हणजे मात्र हें माप बिघडतें. रक्तांतील लिम्फोसाइट झपाट्यानें कमी होतात. कांहीं फुप्फुसांकडे निघून जातात, कांहीं अकालीं मरतात, आणि उरलेल्यांपैकीं पुष्कळ थकून गेल्यासारख्या दिसतात. उलट न्यूट्रोफिल वाढत जातात. अस्थींतील मगजामधून अर्धवट तयार झालेल्याहि बाहेर पडूं लागतात. २००४ सालीं बर्लिनच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें होतें कीं, न्यूट्रोफिल प्रसंगीं आपल्या अंगांतील तंतु बाहेर टाकून जंतूंसाठीं जाळें पसरतात. अशीं जाळीं फुप्फुसांत फार झालीं, तर बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मोठे भक्षक मदतीसाठीं रासायनिक हांका मारीत सुटतात, आणि त्या हांकांनीं आणखी पेशी धांवून येतात. फुप्फुसांतील हवेच्या कोशांत पाणी सांचतें, आणि प्राणवायु रक्तांत शिरण्यास वाट राहत नाहीं. चढलेला आंकडा व उतरलेला आंकडा हें सांगत होते.

मग मेचनिकॉफ ह्यांचें म्हणणें चुकलें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ब्रिटनमध्यें २०२० च्या जून महिन्यांत मिळालें. तेथील मोठ्या चांचणींत कोव्हिडच्या २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन हें सूज शमविणारें, जुनें व स्वस्त औषध देण्यांत आलें, आणि ज्यांना तें दिलें नव्हतें अशा ४,३२१ रुग्णांशीं त्यांची तुलना केली. श्वासोच्छ्‌वासासाठीं यंत्रावर ठेवलेल्या रुग्णांत मृत्यूंचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें कमी झालें. नुसता प्राणवायु लागणाऱ्यांत सुमारें एकपंचमांशानें. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज लागली नव्हती, त्यांना ह्या औषधानें कांहींहि लाभ झाला नाहीं. ह्याचा अर्थ काय, तें विद्यार्थ्यांनीं नीट पाहावें. जेथें पहारेकरी मापांत लढत होते, तेथें त्यांचे हात धरण्यांत हित नव्हतें. जेथें ते बेभान झाले, तेथें त्यांना आवरल्यानें माणसें वांचलीं. सूज हा बचाव आहे, हें मेसिना येथील सत्य तसेंच उभें आहे. त्याला मापाची जोड मात्र द्यावी लागली. आणि म्हणूनच असलें औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊं नये. कोणास द्यावें व केव्हां द्यावें, हें वैद्यानेंच ठरवावें.

ह्या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. आम्ही दोनच गोष्टी सांगून लेखणी ठेवितों. पहिली अशी कीं, लहान वाटणारी गोष्ट टिपून ठेवावी. गीसेनच्या कृमीचा अर्थ सतरा वर्षांनीं कळला, आणि १९१८ च्या रक्तपरीक्षेचा शंभर वर्षांनीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगाच्या वहींत जें दिसेल तेंच लिहावें; पुस्तकांत असावयास पाहिजे तें लिहूं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या मनुष्यानें शरीर आपल्या प्राणासाठीं कसें झुंजतें हें जगास दाखविलें, त्याच मनुष्यानें स्वतःचे प्राण दोनदां टाकून देण्याचा विचार केला होता. १८७३ सालीं त्याला वाटत होतें कीं, आतां पुढें कांहीं उरलें नाहीं. आणि मेसिनाची ती पहांट अजून यावयाची होती. तो ज्या वेळीं जगण्यास कंटाळला होता, त्याहि वेळीं त्याच्या रक्तांतील पहारेकरी आपलें काम सोडून गेले नव्हते. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरांतून जिवाभावाचीं माणसें गेलीं आहेत. ज्यांचें मन अजून जड आहे, त्यांनीं आपलें दुःख एकट्यानें वाहूं नये. आईवडिलांजवळ, वडील भावंडांजवळ, नाहींतर आम्हां शिक्षकांजवळ येऊन बोलावें. कांटा रुतला म्हणजे शरीरांतील एक पेशी एकटी लढत नाहीं. साऱ्या तेथें गोळा होतात.